बहावा पाहायला जुन्नर-आंबेगावात

उन्हाळा हा वयस्कर माणसांनी घराबाहेर न पडण्याचा ऋतू, असे आपण गृहीत धरलेले असते. दुपारच्या उन्हापुरते ते खरेही आहे. तरीही, वाचकहो, पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतची एखादी सकाळ आपण घरातील ज्येष्ठांसह घालवावी, असे मी आपणास सुचवणार आहे. निमित्त आहे बहाव्याचे. झाडे पाहायला जाण्याच्या गोष्टीत डॉक्टराने का पडावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे, की हे झाड डोळ्यांना सुख देणारे तर आहेच, शिवाय म्हातारपणाच्या एका अतिशय सामान्य आणि अतिशय संकोचाच्या तक्रारीशी त्याचे नाते फार जुने आहे. ती तक्रार म्हणजे बद्धकोष्ठता. आणि ज्येष्ठांचा प्रवास बंद पडण्यात गुडघ्यांइतकाच पोटाचाही वाटा असतो, हे मी इतक्या वर्षांच्या व्यवसायात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पिवळ्या घोसांची ओळख

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर, नारायणगाव करीत उत्तरेला निघालो, की डाव्या हाताला सह्याद्रीची रांग सोबत करू लागते. पूर्वेला बेल्हे-आणे बाजूचा कोरडा पठारी मुलूख, पश्चिमेला नाणेघाट-आहुपे बाजूचा मुसळधार पावसाचा घाटमाथा, आणि या दोहोंच्या मध्ये पानझडी झाडांच्या टेकड्या. बहाव्याला हा मधला प्रदेश मानवतो. तो आंब्यासारखा राई करून राहत नाही. उतारावर, ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, एखाद्या कचेरीच्या आवारात तो एकेकटा उभा असतो, आणि वर्षातले बरेच महिने त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. चैत्र सरता सरता त्याची जुनी पाने गळतात आणि बघता बघता हातभर लांबीचे पिवळे घोस फांद्यांवरून खाली झुलू लागतात. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असे खेडोपाडी जुनी माणसे सांगतात. हवामानखात्याचा अंदाज हाती असतानाही ही लोकसमजूत ऐकायला गोड वाटते.

पिवळे फुललेले प्रत्येक झाड मात्र बहावा नव्हे. रस्त्याच्या कडेला लावलेल्या सोनमोहोराचे तुरे वर आकाशाकडे उभे असतात आणि त्याच्या शेंगा चपट्या, तांबूस असतात. काशिदाचे पिवळे गुच्छही फांदीच्या टोकाला वरच्या बाजूला येतात आणि शेंगा चपट्याच. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, आणि त्यांच्याच शेजारी गेल्या वर्षीच्या काळसर, गोल, एक ते दोन फूट लांबीच्या शेंगा सोट्यांसारख्या लटकत असतात. एवढी खूण लक्षात ठेवली, की धावत्या गाडीतूनही चूक होत नाही. ज्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांना हे झाड आवर्जून दाखवावे. मोतीबिंदूने पिवळट झालेल्या भिंगातून निळे आकाश मळकट दिसत असते. नव्या भिंगातून निळ्यावरचा हा पिवळा रंग पाहणे, हा त्या शस्त्रक्रियेचा खरा मोबदला होय.

हे झाड शेंगवर्गीय कुळातले, म्हणजे तूर, हरभरा, चिंच, पळस आणि आपटा यांच्या गोतातले. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला कॅसिया फिस्टुला हे शास्त्रीय नाव दिले. फिस्टुला म्हणजे लॅटिनमध्ये नळी. नाव शेंगेवरून पडले, हे उघड आहे. पुढे कॅसिया या प्रजातीत इतक्या झाडाझुडपांची भर पडली, की १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या तीन वाटण्या केल्या. आपल्या माळरानावरचा तरवड, पावसाळ्यात भाजीला येणारा टाकळा, रस्त्याकडेचा काशिद आणि औषधी सोनामुखी ही मंडळी सेना नावाच्या वेगळ्या प्रजातीत गेली. बहावा मात्र मूळ घरी, कॅसियातच राहिला. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर हवेतील नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी असतात, असे आपण शाळेत शिकलो. बहाव्याच्या मुळांवर त्या नसतात. केरळात विषूच्या सणाला, एप्रिलच्या मध्यात, पहाटे डोळे उघडताच जे मंगल दर्शन घ्यायचे, त्यात ही फुले हवीतच. थायलंडने तर बहाव्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे.

जुन्नरच्या बाजूने

बहावा शोधण्यासाठी वेगळी मोहीम काढण्याची गरज नाही. ज्येष्ठांना जेथे जावेसे वाटते, त्या वाटांवरच तो भेटतो. महाराष्ट्रात पर्यटन तालुका म्हणून २०१८ मध्ये घोषित झालेल्या जुन्नरमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि मोह आवरणे अवघड आहे. म्हणून आधीच ठरवावे, की एका सकाळी एकच ठिकाण.

कुकडी नदीच्या काठचे ओझरचे विघ्नेश्वर मंदिर सपाटीवर आहे. काठी टेकत चालणाऱ्यांना ते सोयीचे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज डोंगरात, बौद्ध लेण्यांच्या रांगेत आहे आणि तेथे जाण्यासाठी सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पायथ्याशी सावलीत बसून हात जोडावेत. भक्तीत त्यामुळे उणेपणा येत नाही. शिवनेरीचेही तसेच. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झालेल्या या किल्ल्याचे सात दरवाजे चढून जाणे प्रत्येकाला साधेलच असे नाही, पण खालून दिसणारा कडा पाहतानाही ऊर भरून येतो.

ज्यांना घाटमाथ्याचा वारा घ्यायचा आहे, त्यांनी भल्या सकाळी नाणेघाटाकडे निघावे. गाडी माथ्यापर्यंत जाते. कोकणातील बंदरांकडून जुन्नरकडे येणारा सातवाहनकाळातील व्यापारी मार्ग तो हाच. नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख येथील लेण्यात आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण. लेण्याकडे उतरणारी वाट दगडांची आहे, तेव्हा वयस्करांनी माथ्यावरूनच कोकण पाहावे. वाटेत पूर गावाजवळ कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर लागते. कुकडीचा उगम याच परिसरात.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. दवाखान्यात मुलगा किंवा सून सांगते, "आईंना कुठेही न्यायचे म्हटले, की त्या नाहीच म्हणतात. कंटाळा येतो म्हणे." आई गप्प असतात. मुलगा औषधे आणायला बाहेर गेला, की खरे कारण कळते. वाटेत लागली तर काय करायचे, कोठे जायचे, उकिडवे बसता येत नाही, कोणाला थांबवायला सांगायचे? या धास्तीने कित्येक ज्येष्ठ निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात, सकाळी चहाही नको म्हणतात, आणि आलेली भावना दाबून ठेवतात. मग तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. पुढच्या वेळी ते घरीच राहणे पसंत करतात. चालणे कमी होते, पाणी कमी होते, भूक मंदावते, आणि बद्धकोष्ठता घट्ट होत जाते. माणूस घरात कोंडला जातो, आणि त्यामागचे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही.

आंबेगावच्या बाजूने

आंबेगाव तालुक्यात जायचे तर नारायणगावाहून मंचरला येऊन घोडेगावची वाट धरावी. घोडेगाव हे तालुक्याचे मुख्य ठिकाण. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा तरुण याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. जलाशयाच्या काठाने जाताना गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि ज्येष्ठांना काही वेळ नुसते बसू द्यावे. आपले गाव, आपली विहीर, आपली शाळा डोळ्यांसमोर बदललेली पाहिलेल्या माणसांना येथे बोलण्यासारखे पुष्कळ असते. ऐकणारे कोणी असले म्हणजे झाले.

पुढे रस्ता भीमाशंकरच्या अरण्याकडे चढतो. १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे वन राज्यप्राणी शेकरूचे घर आहे. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात, आणि जितक्या उतरल्या तितक्याच परत चढाव्या लागतात, हे निघतानाच ध्यानात घ्यावे.

या डोंगरांतील आणखी एका झाडाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते म्हणजे हिरडा. तो शेंगवर्गीय नव्हे, त्याचे कुळ वेगळे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करून वाळवून विकतात. त्यांच्या रोख उत्पन्नाचा तो मोठा आधार आहे. त्रिफळा चूर्णातील तीन फळांपैकी एक हिरडाच. म्हणजे पाहा, एकाच डोंगररांगेत पोट साफ करणारी दोन झाडे, हिरडा आणि बहावा, शेजारी नांदत आहेत. येथपर्यंत आलेल्या माणसाचा हात साहजिकच शेंगेकडे जातो. म्हणून आता शेंगेबद्दल.

शेंगेची गोष्ट

बहाव्याची वाळलेली शेंग उभी फोडली, तर आत पातळ पडद्यांचे असंख्य कप्पे दिसतात, जणू नाण्यांची चळत. प्रत्येक कप्प्यात एक गुळगुळीत बी आणि पडद्याला चिकटलेला काळा, गोडसर, चिकट गर असतो. औषध म्हणून वापरतात तो हा गर. बिया वापरायच्या नसतात. आयुर्वेदात या झाडाला आरग्वध म्हणतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्याच्यासाठी स्वतंत्र अध्याय असून तेथे त्याचे नाव चतुरंगुल आहे. बालके, वृद्ध, क्षीण आणि नाजूक प्रकृतीची माणसे यांच्यासाठी हे सौम्य रेचक, असे तेथे सांगितले आहे. पिकलेल्या शेंगा सात दिवस वाळूत ठेवून, नंतर उन्हात वाळवून मग गर काढावा, अशी कृतीही दिली आहे. इतक्या बारकाईने औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यांनी रस्त्यात पडलेली शेंग उचलून चोखण्यास सांगितलेले नाही, याकडे आपले लक्ष वेधतो.

आधुनिक शास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर बहाव्याच्या गरात आणि सोनामुखीच्या पानांत अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्ये असतात. ती मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात आणि आतड्यात पाणी राखून ठेवतात. म्हणूनच रात्री घेतलेली सोनामुखीची गोळी सकाळी काम करते. अधूनमधून, योग्य मात्रेत आणि डॉक्टर किंवा वैद्यांच्या सल्ल्याने अशी औषधे घेण्यात वावगे काही नाही. धोका आहे तो मनाने मात्रा वाढवत नेण्यात. जुलाबांवाटे पाणी आणि पोटॅशियम निघून जाते. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात पोटॅशियम उतरले, तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. वैशाखातील घामाने त्यात भरच पडते. आणि सोबत नातवंडे असतील, तर त्यांना कोणत्याही रानशेंगा तोंडात घालू देऊ नयेत. टाकळ्यासारख्याच दिसणाऱ्या रानटाकळ्याच्या, म्हणजे कासविंद्याच्या, बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

रेचकाकडे वळण्यापूर्वी कारण शोधावे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही आम्लनाशके, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, नैराश्यावरील व कंपवातावरील काही औषधे आणि रक्तदाबावरील काही गोळ्या मलावरोध करतात. थायरॉइडची उणीव, मधुमेह आणि कंपवात यांतही तो होतो. तेव्हा सर्व औषधांची पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे जावे, पण कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्यासह. अंथरुणाला खिळलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीला तो विचारल्याशिवाय देऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बरेच दिवस शौचास न झालेल्या वृद्धाला एकाएकी थोडे थोडे पातळ होऊ लागले, कपडे खराब होऊ लागले, तर ते जुलाब असतीलच असे नाही. आत अडकलेल्या कडक खड्याच्या कडेने पातळ मल पाझरत असतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिली, तर आजार वाढतो. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. शौचावाटे रक्त, काळा मल, विनाकारण घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, पोट फुगून उलट्या, ही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

निघण्यापूर्वी

रोजच्या बद्धकोष्ठतेचे उपाय साधे आहेत: पुरेसे पाणी, पालेभाजी आणि फळे, दररोज चालणे, न्याहारीनंतर ठरलेल्या वेळी घाई न करता शौचास बसणे, आणि भावना झाली की ती न दाबणे. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट किंवा स्टूल घेतले, तर जोर कमी करावा लागतो. हे सगळे नीट आखलेल्या सहलीत आपोआप घडते, आणि भीतीने आखलेल्या सहलीत नेमके उलटे घडते. म्हणूनच सहलीची आखणी स्वच्छतागृहापासून सुरू करावी.

न्याहारी आणि शौच आटोपूनच निघावे, मग तासभर उशीर झाला तरी चालेल. लांबून येणार असाल, तर आदल्या दिवशी येऊन जुन्नर, नारायणगाव किंवा मंचर येथे मुक्काम करावा, म्हणजे सकाळची वेळ हाताशी राहते. मुक्कामाच्या ठिकाणी कमोड आहे का, हे फोन करून विचारावे आणि हे विचारताना ओशाळू नये. गाडीत घडीची कमोड खुर्ची, आडोशासाठी एक चादर, पुरुषांसाठी युरिन पॉट, पाण्याची बाटली, साबण, बदलण्याचे कपडे आणि गरज असल्यास डायपर ठेवावेत. दर दीड तासाला गाडी थांबवावी, आणि ज्येष्ठांनी सांगण्याची वाट न पाहता थांबवावी. न मागता थांबलेल्या गाडीतून संकोच न करता उतरता येते.

पाणी घोट-घोट देत राहावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिलेले आहे, त्यांनी ते पाळावे, पण उन्हाळ्यात त्यात बदल हवा का, हे आधी विचारावे. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर टाळू नये. तिची वेळ पुढेमागे करता येईल का, ते डॉक्टर सांगतील. सकाळी अकरापर्यंत फिरणे संपवून सावली गाठावी. चक्कर, गोंधळलेले बोलणे, अंग तापूनही घाम न येणे, अशी लक्षणे दिसल्यास ताबडतोब सावलीत नेऊन, ओल्या कपड्याने अंग पुसून, वारा घालत जवळचे रुग्णालय गाठावे.

या दोन्ही तालुक्यांत बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. त्यामुळे पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने एकट्याने फिरायला जाऊ नये, मुलांना एकटे सोडू नये, आणि उघड्यावर शौचास बसण्याचा प्रसंग येणार नाही, अशी तजवीज ठेवावी. कमोड खुर्चीचा आग्रह मी त्यासाठीही धरतो.

फुलांचे घोस तोडू नयेत, शेंगा गोळा करू नयेत. खुर्ची झाडापासून थोडी दूर मांडावी, म्हणजे मान फार वर करावी लागत नाही. मान मागे ताणून वर पाहताना अनेक वयस्करांना चक्कर येते. फुलांवर मोठे काळे भुंगे येत असतात, त्यांना येऊ द्यावे. अर्धा तास बसावे, एखादे केळे खावे, चार पावले चालावे आणि परत निघावे.

या मोसमात आपल्या घरातील ज्येष्ठांना "येता का बहावा पाहायला?" असे विचारून पाहावे. "नको, कंटाळा येतो," असे उत्तर आले, तर ते शेवटचे उत्तर मानू नये. घरात दुसरे कोणी नसताना, जवळ बसून, हलक्या आवाजात पुन्हा एकदा कारण विचारावे. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणासही विनंती, की तेव्हा खरे कारण सांगावे. ते ऐकल्यावर काय करायचे, हे वर लिहिले आहेच.